मराठी पुस्तिकेचे आलेख कशात काढायचे? सॉफ्टवेअर निवडीच्या नोंदी

काम असं आहे: सातारा जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांचा पाऊस आणि विहिरींची पाणीपातळी यावर एक मराठी पुस्तिका छापायची आहे. डेमी आकार, ऑफसेट छपाई. मजकूर सर लिहिताहेत, आलेख माझ्याकडे. मराठी अक्षरांसकट छापायचे आलेख दुसऱ्या कुणाला काढायचे असतील तर माझ्याइतका वेळ जाऊ नये, म्हणून हे लिहून ठेवते आहे. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, सरांकडे विंडोज. हा फरक पुढे महागात पडला.

६ मे २०२४

सरांची एक्सेल फाइल आली. पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून घेतलेला, विहिरींचे आकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे. ते वर्षातून चारदा घेतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. सरांनी एक्सेलमध्येच आलेखही काढून वर्डमध्ये चिकटवले होते. पडद्यावर चांगले दिसत होते, अक्षरंही जुळलेली. सर म्हणाले, "हेच छापू या की, पुन्हा कशाला खटाटोप?"

मीही तेच म्हणणार होते. पण वर्डची फाइल मोठी करून पाहिली तर रेघांच्या कडा फुटलेल्या. आलेख चित्र म्हणून चिकटवले होते, आणि वर्ड फाइल साठवताना चित्रं दाबतं. नेहमीची मर्यादा इंचाला २२० ठिपके. फोटोला ३०० लागतात. बारीक रेघ आणि अक्षर असलेल्या चित्राला १,००० च्या पुढे हवेत. म्हणजे चित्राऐवजी रेघांचीच फाइल पाहिजे, पीडीएफ किंवा एसव्हीजी.

९ मे

छापखान्यात जाऊन आले. हे आधी करायचं, हे या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं. सॉफ्टवेअरमध्ये किती प्रकारचे आलेख निघतात याच्या याद्या वाचण्यापेक्षा, शेवटी फाइल ज्याच्या हातात जाणार त्याला विचारून उलटं मागे यावं.

ऑपरेटर म्हणाले, "ताई, पीडीएफ द्या, फॉन्ट कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या. युनिकोड मजकूर तसाच आणलात तर आमच्याकडे उघडल्यावर अक्षरं फुटतात, मग तुम्ही आम्हाला बोलणार. आणि आतली पानं एकाच रंगात आहेत, तेव्हा काळा म्हणजे नुसता काळा पाहिजे."

तर अटी ठरल्या: अक्षरं बरोबर जुळली पाहिजेत, मजकुराचे कर्व्ह झाले पाहिजेत, एकाच प्लेटवर सगळं बसलं पाहिजे, आणि आकडे बदलले तर सगळे आलेख पुन्हा काढता आले पाहिजेत. शेवटची अट माझी. सरांचे आकडे बदलतात, हा अनुभव आहे.

पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरपैकी ओरिजिनचा विचार केला. संशोधन-निबंधांमध्ये बरेच आलेख त्यातले असतात आणि दिसतातही नेटके. पण ते विंडोजवरच चालतं आणि परवान्याचे पैसे पुस्तिकेच्या छपाईशी स्पर्धा करतील. बाजूला ठेवलं.

१३ मे

चाचणीसाठी एक ओळ ठरवली: "विहिरींतील पाणी, पर्जन्यमान, वाऱ्याचा वेग, ऱ्हास, क्षेत्र". यात पहिली वेलांटी आहे, रफार आहे, ऱ्य आहे, जोडाक्षरं आहेत. जे सॉफ्टवेअर ही ओळ नीट छापील तेच पुढे. फॉन्ट सगळीकडे एकच: मुक्त. मुंबईच्या एक टाइपचा आहे, विनामूल्य आहे, आणि हलक्यापासून जाडपर्यंत सात वजनांत मिळतो.

सुरुवात मॅटप्लॉटलिबपासून. हे पायथन भाषेतलं आलेख काढायचं पॅकेज, आणि मला पायथन येतं. हे जॉन हंटर यांनी सुरू केलं, पहिली आवृत्ती २००३ ची. आज वैज्ञानिक आलेखांसाठी बहुधा सगळ्यात जास्त वापरात असलेल्यांपैकी एक. आलेख सुरेख आला. वर शीर्षक मात्र असं: "विहिरी" मधला व मोकळा, त्याची वेलांटी ह ला चिकटलेली, ह ची र ला, आणि बिचाऱ्या र च्या डोक्यावर पहिली-दुसरी दोन्ही वेलांट्या. पर्जन्यमानाचं झालं "पर्‌जन्‌यमान", पाय मोडलेलं.

फॉन्ट बदलून पाहिले, चार-पाच. सारखंच. त्यात संध्याकाळ गेली, कारण दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. ती उचलून अक्षराच्या आधी मांडायचं, रफार वर न्यायचा, जोडाक्षर घडवायचं, हे काम करणारा वेगळा घटक असतो. हार्फबझ हे त्यातलं नेहमीचं नाव. माझ्याकडची मॅटप्लॉटलिबची ३.८ आवृत्ती त्याच्या वाटेला जातच नाही. एकामागून एक अक्षर मांडते, झालं.

पळवाट आहे. मॅटप्लॉटलिबला सांगता येतं की मजकूर झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामकडून बसवून घे. करून पाहिलं, ओळ अगदी बरोबर आली. पण त्यासाठी झीलाटेकचा पाया असलेलं अख्खं टेक उतरवावं लागलं, काही गिगाबाइट, आणि प्रत्येक आलेखाला वाट पाहणं आलं. ज्याचं पूर्ण पुस्तकच लाटेकमध्ये आहे त्याने हाच मार्ग घ्यावा. माझं नाही.

१६ मे

एका बैठकीत तीन पाहिले.

लिब्रेऑफिस कॅल्क: ओळ बरोबर. पीडीएफही निघते. पण अकरा तालुक्यांचे एकसारखे अकरा आलेख म्हणजे अकरा वेळा माऊसने तेच ते करणं. दोन-तीन आलेखांचं काम असतं तर इथेच थांबले असते आणि या नोंदी लिहिल्याही नसत्या.

डेटारॅपर: ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे अक्षरांचा प्रश्नच नाही. दिसायला सगळ्यात देखणं, कारण नको ते करायची मुभाच कमी. बातमीसाठी, संकेतस्थळासाठी उत्तम. पण फुकट खात्यात पीएनजी मिळतं, पीडीएफ आणि एसव्हीजीसाठी पैसे.

ग्नूप्लॉट: याच्याकडून काही अपेक्षा नव्हती. १९८६ चा प्रोग्राम, काळ्या खिडकीत आज्ञा टंकायच्या. (नावात ग्नू असलं तरी ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही.) चाचणीची ओळ दिली आणि पहिल्या फटक्यात अचूक! कारण त्याचे कैरो नावाने संपणारे पीडीएफ आणि पीएनजीचे पर्याय मजकुराचं काम पँगोकडे सोपवतात, आणि पँगोच्या पोटात हार्फबझ आहे. रात्रभर वाटत होतं, हेच घ्यावं.

अडलं ते मराठी आकड्यांवर. अक्षावर ५००, १००० असे देवनागरी आकडे हवेत. ग्नूप्लॉटमध्ये मला ते प्रत्येक खुणेला हाताने लिहावे लागले. शिवाय अनेक आलेख एका पानावर मांडताना समास जुळवता जुळवता नाकी नऊ आले. तरी ज्याला एक-दोन रेषालेख काढायचे आहेत आणि आज्ञा लिहायची भीती नाही, त्याने हे जरूर पाहावं.

२१ मे

आर ही आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा, आणि त्यातलं जीजीप्लॉट२ हे आलेखांचं पॅकेज. जीजीप्लॉट२ हॅडली विकम यांचं. आर मला नीट येत नाही, म्हणून टाळत होते.

पहिल्याच दिवशी वाट चुकले, आणि ती चूक नेटवर जागोजागी पेरलेली आहे म्हणून सविस्तर सांगते. आरमध्ये बाहेरचा फॉन्ट वापरायचा तर जो तो शोटेक्स्ट हे पॅकेज सुचवतो. ते घेतलं, आणि पुन्हा तीच मॅटप्लॉटलिबची मोडकी वेलांटी. मला वाटलं आरमध्येही मराठी होत नाही. खरं म्हणजे शोटेक्स्ट स्वतःच अक्षरांच्या आकृत्या काढतं, आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. रोमन लिपीला छान, आपल्याला निरुपयोगी. ते काढून टाकलं, आरचाच कैरो पीडीएफ पर्याय वापरला आणि ओळ बरोबर आली.

कोड सरांना पाठवला. त्यांच्या विंडोजवर तीच फाइल, तोच फॉन्ट, आणि अक्षरं तुटलेली! उबुंटूवर आरचा कैरो पँगोची मदत घेतो, त्यांच्याकडच्या आरमध्ये तो जोड नव्हता. विंडोजवाल्यांसाठी उपाय म्हणजे रॅग हे पॅकेज. ते हार्फबझ सोबत घेऊन येतं, त्यामुळे कुठल्याही यंत्रावर अक्षरं सारखी. त्यातून पीएनजी निघतं, पीडीएफ नाही, पण ६०० ठिपक्यांनी काढलं तर सरांना तपासायला पुरतं. छापायची पीडीएफ माझ्याकडे, असं ठरलं.

देवनागरी आकडे इथे एका ओळीत होतात: अक्षाच्या खुणांना एक फलन द्यायचं, जे रोमन आकड्याच्या जागी मराठी आकडा ठेवतं. एकदा लिहिलं की सगळ्या आलेखांना लागू.

निवड झाली. आर.

२७ मे

अकरा तालुके, आलेख मात्र जास्तच निघाले. पावसाच्या फाइलीत "जावळी", विहिरींच्या फाइलीत "जावली". दोन्ही रूढ आहेत, यंत्राला ते दोन तालुके. एका फाइलीत "माण", दुसरीत काही ठिकाणी "दहिवडी", कारण कुणीतरी तालुक्याऐवजी मुख्य ठिकाणाचं नाव भरलं. खटावच्या जागी वडूज, तसंच. एक साधा तक्ता केला, डावीकडे जे लिहिलंय ते, उजवीकडे जे हवं ते, आणि सगळी नावं त्यातून गाळून घेतली.

दुसरं, काही महिन्यांचे रकाने रिकामे होते. रिकामा म्हणजे नोंद नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. सरांच्या एक्सेलच्या आलेखात रिकाम्या जागी रेषा थेट शून्यावर आपटत होती आणि भर जुलैत कोरडा महिना दिसत होता. आरमध्ये रिकामी नोंद रेषा तोडते. तशीच तुटू दिली.

तालुके अकारविल्हे लागत होते: कराड, कोरेगाव, खंडाळा, खटाव... वाचकाला त्यातून काही कळत नाही. सरासरी पावसाच्या उतरत्या क्रमाने लावले, महाबळेश्वरपासून माणपर्यंत. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे पाऊस कसा आटत जातो ते मग आपोआप दिसतं. महिनेही जानेवारीऐवजी जूनपासून.

३ जून

सगळ्यात जास्त वाद आज झाला, आणि तो सॉफ्टवेअरचा नव्हता. महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, माणचा पाचशेच्या आत-बाहेर. एकाच जिल्ह्यात.

प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र अक्ष दिला तर आलेख भरलेले, सुंदर दिसतात. पण माणचा जुलै महाबळेश्वरच्या जुलैइतकाच उंच! खालचे आकडे कोण वाचतं? सगळ्यांना एकच अक्ष दिला तर माण, फलटण, खटाव जमिनीला चिकटून बसतात, महिन्यामहिन्यातला फरक दिसत नाही. मी लॉग अक्ष सुचवला, म्हणजे १०, १००, १००० अशा पटींनी वाढणारा. सरांनी एका वाक्यात उडवला: "ग्रामपंचायतीत बसून वाचणार आहेत लोक हे." बरोबरच होतं, शिवाय स्तंभालेखाला लॉग अक्ष देणं मुळात चूक, स्तंभ शून्यापासून उभा राहिला पाहिजे आणि लॉग अक्षावर शून्य नसतं.

शेवटी आलेखच दोन केले. वर्षाच्या एकूण पावसाचा एक, आडव्या स्तंभांचा, अकराही तालुके एकाच अक्षावर. त्यात महाबळेश्वरचा पट्टा पानभर आणि माणचा नुसता खुंट. तो खुंट दिसायलाच हवा. महिनावार आलेख फक्त पूर्वेकडच्या कमी पावसाच्या तालुक्यांचे, त्यांचा आपसात एकच अक्ष, आणि शीर्षकातच लिहिलं की हा अक्ष वेगळा आहे.

७ जून

पाऊस आणि विहिरीची पातळी एकत्र दाखवायची. सरांच्या एक्सेलमध्ये डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे मीटर असे दोन अक्ष होते. जीजीप्लॉट२ मध्ये दुसरा अक्ष मिळतो, पण तो पहिल्यापासून एखाद्या सूत्राने आलेलाच हवा. दोन असंबद्ध मापं शेजारी बसवायला ते मुद्दाम मदत करत नाही. आधी चिडले. मग सरांचा जुना आलेख पुन्हा पाहिला: उजवा अक्ष थोडा ताणला की पाऊस आणि पाणी हातात हात घालून चाललेले दिसतात, थोडा दाबला की एकमेकांशी भांडलेले. कोणता खरा?

दोन आलेख एकावर एक ठेवले, वर पाऊस, खाली पातळी, महिन्यांचा अक्ष एकच. जुळवणी पॅचवर्क या पॅकेजने केली, कडा आपोआप एका रेषेत येतात.

खालच्या आलेखात एक गोष्ट लक्षात ठेवायची. विहिरीचा आकडा म्हणजे जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. सरळ काढला तर मे महिन्यात पाणी खोल गेल्यावर रेषा वर चढते आणि वाचणाऱ्याला वाटतं पाणी वाढलं. अक्ष उलटा केला: शून्य म्हणजे जमीन वर, खोली खाली.

१३ जून

पहिली पीडीएफ छापखान्यात नेली. अक्षरांच्या कडा धुरकट येतील, असं ऑपरेटरनी पडद्यावरच दाखवलं. माझ्या फाइलीतला काळा लाल-हिरवा-निळा पद्धतीचा होता. त्याचं छपाईच्या चार रंगांत रूपांतर झालं की काळा चारही प्लेटवर वाटला जातो आणि खुद्द काळ्या प्लेटवर पूर्ण काळा उरत नाही. आम्ही एकच प्लेट वापरणार, म्हणजे तिच्यावर अक्षर भरीव न येता ठिपक्यांनी बनलेलं येणार. नऊ पॉइंटच्या वेलांटीचं ठिपक्यांत काय होतं ते त्यांनी मोठं करून दाखवलं. करवतीने कापल्यासारखी कड.

आरच्या साध्या पीडीएफ पर्यायात छपाईचे चार रंग निवडता येतात, पण तो पर्याय मराठी अक्षरं जुळवत नाही. जो जुळवतो त्यात रंगांची निवड नाही. काय म्हणावं याला.

तोडगा घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रामने निघाला. आरमधून निघालेली पीडीएफ त्यातून एकदा काढायची, दोन सूचना देऊन: रंगरूपांतर "ग्रे" आणि "नो आउटपुट फॉन्ट्स". पहिलीने सगळं करड्यात येतं आणि काळा शंभर टक्के काळाच राहतो, दुसरीने मजकुराचे कर्व्ह होतात. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये एकेक फाइल उघडूनही कर्व्ह करता येतात, पण इथे एका आज्ञेत सगळं फोल्डर होतं.

१८ जून

करड्या छटा. पडद्यावर पाच वेगळ्या दिसतात, कागदावर तीन. शाई कागदात पसरते म्हणून मधल्या छटा गडद होतात, आणि फार फिकी छटा उडूनच जाते. काळा, मधला करडा, फिका करडा, बस. चौथी रेषा लागली तर तुटक काढायची. सूचीचा चौकोनही काढून टाकला. रेषेच्या टोकालाच तालुक्याचं नाव लिहिलं.

मापांचे गोंधळ, जीजीप्लॉट२ वापरणाऱ्यांसाठी:

शीर्षकाचा आकार पॉइंटमध्ये असतो, आलेखाच्या आत लिहिलेल्या मजकुराचा मिलिमीटरमध्ये. दोन्हीकडे ९ लिहिलं आणि "फलटण" अर्धा आलेख व्यापून बसलं. आत ३ लिहिलं की साधारण साडेआठ पॉइंट होतात.

रेघेची जाडी ०.१ ठेवली तर ती ०.२ पॉइंटच्या आसपास भरते. जाळीच्या रेघा तशा ठेवल्या होत्या, ऑपरेटर म्हणाले छापताना तुटतील. ०.२५ केल्या, म्हणजे अर्ध्या पॉइंटच्या.

दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसत होते. मुळातलं ओळींमधलं अंतर ०.९ आहे, रोमनच्या हिशेबाचं. १.३ केलं.

आणि आलेख पानावर ज्या रुंदीत बसणार त्याच रुंदीत काढायचा, माझ्या बाबतीत ११० मिलिमीटर. मोठा काढून नंतर छोटा केला की अक्षरंही आकसतात, आणि मात्रा-उकारांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा थोडी जास्तच उंची लागते.

२५ जून

दुसरं प्रूफ ठीक. भिंगाखाली अक्षरं भरीव. "वाऱ्याचा" मधला ऱ्य नीट, शीर्षकांतले रफार जागेवर.

दुपारी सरांचा फोन. फलटणच्या दोन विहिरींचे मेचे आकडे चुकीचे भरले गेले होते, नवे पाठवले आहेत. आकड्यांची सीएसव्ही फाइल बदलली, कोड पुन्हा चालवला, घोस्टस्क्रिप्टमधून फाइली काढल्या आणि चहा व्हायच्या आत छापखान्याला धाडल्या. एक्सेलमध्ये हे नसतं झालं असं नाही, पण वर्डमध्ये चिकटवलेला कोणता आलेख नवा आणि कोणता जुना, हे शोधत बसावं लागलं असतं.

खर्च: सॉफ्टवेअरचा शून्य, प्रूफच्या कागदांचा किरकोळ, वेळेचा मात्र भरपूर, त्यातला मोठा भाग शोटेक्स्ट आणि नावांच्या तक्त्यात गेला. राहिलेलं काम मुखपृष्ठाचं. ते चार रंगांत आहे, त्यावर एक आलेख हवा असं सर म्हणताहेत. तिथे ग्रेची युक्ती चालणार नाही. इंकस्केपमध्ये कर्व्ह करून स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्राममधून चार रंगांची पीडीएफ काढून बघणार आहे, शीर्षकाचा काळा फक्त काळ्या प्लेटवर ठेवून.